मिळतंय तोवर

"नागपुरात सध्या काय मिळून नाही राहिलं?"

काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सूटकेस घेऊन त्यांच्या दारात उभी होते. कॅनडातल्या सस्काटूनमधली ती माझी पहिलीच थंडी, आणि युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डावर 'बेसमेंट भाड्याने देणे आहे, मराठी चालेल' अशी देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी पाहून मी आले होते. 'मराठी चालेल' वाचून मी आधीच सावध झाले होते. मी नागपूरच्या इंदोरा वस्तीतली. माझं आडनाव ऐकल्यावर आपल्या लोकांत जी एक छोटीशी शांतता पसरते तिची मला सवय आहे, आणि ती यायच्या आधीच मी मान ताठ करून उभी राहते. काकांनी आडनाव ऐकलं, 'हो का' म्हणाले आणि हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, आता सगळंच मिळतं, काका. ते खरोखर हिरमुसले.

जातपात न मानणारा माणूस भेटला, असं मी त्या दिवशी मैत्रिणीला फोनवर कौतुकानं सांगितलं. तसं काही नव्हतं. काकांना आडनावात रस नव्हता, कारण आडनावं कधी बाजारातून संपत नाहीत. त्यांना जे संपत आलंय त्यात रस होता.

"मिळून राहिलं तोवर घेऊन ठेवावं," हे त्यांचं ब्रीद. दुकानदारानं एखाद्या वस्तूबद्दल 'डिसकंटिन्यू' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी चमकायचं. ती वस्तू आपल्याला लागते का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येतच नसे. बेसमेंटचा अर्धा भाग माझा आणि अर्धा त्यांच्या फळ्यांचा. पिवळे बल्ब पुढेमागे बंद होणार असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून बल्बांची एक भिंतच्या भिंत होती. त्याखाली कोऱ्या कॅसेट, टाइपरायटरच्या रिबिनी, बुटाच्या पॉलिशच्या चपट्या डब्या. शेकायच्या रबरी पिशव्या एका दुकानानं विकणं बंद केलं तेव्हा त्यांनी उरलेल्या सगळ्या आणल्या. त्यातल्या निम्म्या गळायच्या. सस्काटूनमधल्या प्रत्येक मराठी घरात ती गळकी पिशवी असायची, कारण काका वाढदिवसाला तीच द्यायचे. नागपूरहून येणाऱ्या प्रत्येकाकडून ते संत्र्याच्या गोळ्या मागवत. त्यांच्या मुलीला लहानपणी त्या आवडत. मुलगी मोठी होऊन ओटावाजवळ कनाटाला नोकरीला गेली, गोळ्या बरणीत चिकटून एक झाल्या, तरी मागवणं चालू होतं.

याचं मूळ काय असेल यावर लोक आपापलं डोकं चालवत. कोणी म्हणे रेशनचे दिवस, कोणी म्हणे रॉकेलच्या रांगा. काकूंना हे पटत नसे. "रांगेत काय हे एकटेच उभे होते का गं?" त्या म्हणायच्या. "माझा बाप पण उभा होता. त्यानं काही घर नाही भरलं."

काकांच्या लेखी लायसन हीसुद्धा एक वस्तूच. तरुणपणी नागपुरात त्यांनी स्कूटरला नंबर लावला होता. नंबर लागला तोवर ते सस्काचेवानच्या पोटॅशच्या खाणीत इंजिनीअर होऊन जमिनीखाली पोचले होते. त्यामुळे सरकार एखादा परवाना देतंय म्हटलं की तो घेऊन ठेवायचा, हे ठरलेलं. ते मासे खात नव्हते, पण मासे पकडायचं लायसन होतं. बिनतारी हॅम रेडिओचं होतं, सेटसकट, फोर्कलिफ्टचं होतं. आणि बंदुकीचं होतं. तो कोर्स त्यांनी केला, कारण शेजारचा म्हातारा म्हणाला होता की पुढे हे लायसन काढणं फार अवघड करणार आहेत. बंदूक नव्हती. बंदुकीचं काही कामही नव्हतं. ही सगळी कार्डं ते स्वेटरच्या आतल्या खिशात, रबर बँड लावून, छातीशी बाळगत.

इथवर मी हसत हसत सांगू शकते. पुढचं तसं सांगता येत नाही.

काकांना दोनच ऋतू होते. उन्हाळ्यात ते बोलत, भांडत, अंगणात टोमॅटो लावत. बर्फ पडायला लागलं की हळूहळू गप्प होत, आणि डिसेंबरात पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसत ते बसतच. टीव्ही नाही, पेपर नाही, दिवासुद्धा नाही. काकू त्याला 'बसणं' म्हणत. "यंदा लवकर बसले," एवढंच सांगत आणि मी समजायची. रिटायर झाल्यापासून ते वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. काका त्या दर महिन्याला न चुकता आणत आणि फळीवर ओळीनं लावून ठेवत. एकही घेत नसत. आहेत ना घरात, म्हणत.

काकूंची भीती मला माहीत होती, कारण ती त्यांनी मला सरळ सांगितली होती. त्यांचा धाकटा भाऊ चंद्रपूरकडे जंगल खात्यात होता. त्याच्याकडे सरकारी बंदूक असे, एक दिवस त्यानं ती स्वतःवरच चालवली. बायकोशी काही बोलाचाली झाली होती, बाकी काही नाही. काकू हे सांगताना रडल्या नाहीत. डेकेअरमध्ये मुलांची नाकं पुसणाऱ्या, दिवसभर कामात असणाऱ्या बाई त्या, रडायची सवय नव्हती. फक्त म्हणाल्या, "त्याला मरायचं नव्हतं गं. ती हाताशी होती."

त्या वर्षी हिवाळ्यातच निवडणूक आली, आणि प्रचारात एका पक्षानं जाहीर केलं की आम्ही निवडून आलो तर पिस्तुलांवर बंदी घालू. टोरांटोला गोळीबार वाढले होते, तिकडच्या लोकांना ते हवं होतं. आमच्याकडे सस्काचेवानात मात्र आग लागल्यासारखं झालं. लॅबमध्ये, बसमध्ये, कॉफीच्या दुकानात तेच. शेजारचा म्हातारा शेती विकून शहरात राहायला आलेला. त्याचे आजोबा युक्रेनमधून आलेले, त्याच्याकडे हरणासाठी एक बंदूक आणि शेतात बिळं करणाऱ्या गोफरसाठी एक छोटी. माणूस सोन्यासारखा. स्नोब्लोअर काढला की आमचाही ड्राइव्हवे न सांगता साफ करायचा. तो काकांना म्हणाला, "फर्स्ट दे टेक द हँडगन्स. देन दे कम फॉर माय गोफर गन."

काकांनी त्यातलं एकच ऐकलं. बंद होणार.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीतून उठले. बर्फात, डिसेंबरात, उठले. बेसमेंटच्या जिन्यावर येऊन मला म्हणाले, तुझी गाडी काढ, माझी रात्री इंजिनाच्या हीटरला प्लग इन करायची राहिली, इंजिन गोठलंय. कुठे जायचंय ते मी विचारलंच नाही. ते बोलतायत याचाच आनंद इतका की त्यांनी सांगितलं असतं तर मी अल्बर्टापर्यंत गाडी नेली असती.

शहराच्या कडेला गोदामांच्या भागात ते दुकान होतं आणि दाराबाहेरपर्यंत रांग होती. उणे तीसमध्ये माणसं पाय आपटत उभी. एकाच्या छातीशी पट्ट्यात बांधलेलं तान्हं मूल होतं. एक नर्स ड्यूटीच्या कपड्यांवर कोट घालून नवऱ्याची जागा धरून उभी होती. एक जण सगळ्यांना सांगत होता की त्याला पिस्तूल आवडत नाही, आयुष्यात कधी घेतलं नसतं, पण घेऊ नको म्हणणारे तुम्ही कोण. काका त्या रांगेत असे खुलले की मी पाहतच राहिले. पुढच्याशी बोलले, मागच्याशी बोलले, कोणाची जागा कुठे हे सांभाळलं, आत घुसू पाहणाऱ्या एकाला हात धरून मागे पाठवलं. इतकी वर्षं कॅनडात काढून त्यांना आपली माणसं त्या दिवशी भेटली.

तान्ह्या मुलाच्या बापानं त्यांना विचारलं, तुम्ही कशाची शिकार करता?

"नथिंग," काका म्हणाले.

"देन व्हाय आर यू बायिंग?"

"बिकॉज दे विल स्टॉप."

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. त्यात कोणालाच काही विचित्र वाटलं नाही. आत दुकानदार घामाघूम झाला होता. म्हणाला, इतकी वर्षं जाहिराती दिल्या, पण हा बंदीवाला पुढारी माझा सगळ्यात चांगला सेल्समन निघाला. काचेच्या कपाटात एकच पिस्तूल उरलं होतं, काकांनी ते घेतलं. त्याच्या गोळ्या संपल्या होत्या. म्हणून फळीवर जी शेवटची खोकी होती ती घेतली. ती हरणाच्या बंदुकीची होती, या पिस्तुलात जाणंच शक्य नव्हतं. ते त्यांना समजलं नाही असं नाही. त्यांना त्यानं फरक पडत नव्हता. ती शेवटची होती ना.

कागदपत्रं व्हायला काही दिवस गेले. नियमाप्रमाणे नेमबाजीच्या क्लबचं सभासद व्हावं लागतं, ते झाले. कुलूपबंद पेटी लागते, ती आणली. पिस्तूल घरी आलं त्या दिवशी काकूंनी आपली उशी आणि रजई उचलली आणि खाली माझ्याकडे सोफ्यावर राहायला आल्या.

वरच्या मजल्यावर काका, खाली बल्बांच्या भिंतीशेजारी काकू, आणि निरोप्या मी. "त्यांना सांग, भाजी फ्रीजमध्ये आहे." "तिला सांग, मी पाहिली." असा संसार चालला. काका पुन्हा खुर्चीत बसले होते. काकू रोज विचारत, आज बसलेत का, आणि मी हो म्हटलं की छताकडे बघत राहत. मी त्यांना म्हणायची, गोळ्या त्याच्या नाहीतच, ते खेळणं आहे नुसतं. त्यांना ते पटत नसे. या माणसाला एखादी वस्तू मिळवायची म्हटलं की तो ती मिळवतोच, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

संक्रांतीला मराठी मंडळाचं हळदीकुंकू आणि जेवण एका चर्चच्या तळघरात होतं. तिळगूळ हातात घेऊन पुरुषमंडळी बंदुकांवरून भांडत होती. पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला सांगत होता की सगळ्या बंदुका बॅन करा, हे गावठी रेडनेक लोक सुधारणार नाहीत. दुसरा म्हणत होता की फार्मरला लागते बाबा, तुझ्या कॉन्डोत कोल्हे येत नाहीत. काकू त्या घोळक्यात गेल्या. बायका पुरुषांच्या चर्चेत जात नाहीत असा काही नियम नाही, पण त्या कधी जात नसत. त्यांनी हात जोडल्यासारखे करून सांगितलं की यांनी पिस्तूल घेतलंय, तुम्ही चार जणांनी समजावा, माझं ऐकून नाही राहिले. सगळे हसले. काका आणि पिस्तूल? अहो, ते माशी तरी मारतील का. कोणीतरी काकांना 'काय शेरीफ' म्हणून हाक मारली. काकाही हसले. माझ्या हातातला तिळगूळ मी तसाच ताटलीत ठेवला. इतका राग मला त्या लोकांचा कधी आला नव्हता.

शेवटी तह मुलीनं घडवून आणला, फोनवर, कनाटाहून. ती घरात इंग्रजीतच बोलायची, तिचं मराठी जेवणखाण आणि रागावणं एवढ्यापुरतं. तिनं बापाला सांगितलं की पिल्स घे, नाहीतर मी ईस्टरला येणार नाही. काका तयार झाले. त्यांनी अट घातली: आधी गोळ्या, महिनाभर, मग बरं वाटलं तर पिस्तूल देऊन टाकीन. काकूंना हे चाललं. त्या म्हणाल्या, गोळ्या पोटात गेल्या की ते आपोआप जाईल.

पण 'उद्यापासून' करत दिवस गेले. काकू रोज सकाळी वर जाऊन गोळी आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवत आणि संध्याकाळी तशीच उचलून आणत.

मग एक दिवस त्यांनी घेतली. काकूंच्या डोळ्यांदेखत घेतली आणि जाऊन पलंगावर पडले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की सुरुवातीला सुस्ती येईल. काकूंचा आनंद मावेना. त्यांनी मुलीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती, म्हणून निरोप ठेवला. आवाज रडवेला झाला होता, आनंदानं. मग पर्स उचलली आणि आज काहीतरी गोड करू म्हणून ग्रोसरीला गेल्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता.

तो निरोप मी नंतर ऐकला. मुलीनं तो पुसला नव्हता. "बाळा, बाबांनी गोळी घेतली. आता शांत पडलेत. तू काळजी करू नको."

मराठीत वाढलेल्या कोणालाही यात काही वावगं दिसणार नाही. गोळी घेतली म्हणजे औषध घेतलं. दुसरं म्हणायचं असतं तर गोळी घालून घेतली म्हणावं लागतं. त्या एका 'घालून'मध्ये माणूस जगतो की मरतो ते असतं, आणि ते शिकायला लहानपणापासून मराठीच कानावर पडावं लागतं. तिला गोळी म्हणजे आधी बरणीतली संत्र्याची माहीत होती. त्या हिवाळ्यात घरात रोज दुसऱ्या गोळीचा विषय निघायचा, पिस्तुलाच्या. औषधाला ती पिल्स म्हणायची. आईचा आवाज कापत होता आणि घरचा फोन कोणी उचलत नव्हतं. तिनं सस्काटूनच्या पोलिसांना फोन केला. त्यांनी विचारलं, घरात फायरआर्म आहे का. ती म्हणाली, हो.

मी बसमधून उतरले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी आडवी लावलेली होती. पुढे आणखी गाड्या, त्यांच्याआड वाकून उभे असलेले पोलीस, आणि सगळ्यांची तोंडं आमच्या घराकडे. शेजारचा म्हातारा टोपी न घालता फुटपाथवर उभा होता. मी त्याला काय झालं विचारलं तर त्यानं मान हलवली. तेवढ्यात मागून काकू आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. कर्ण्यावरून पोलीस काकांचं नाव चुकीचं उच्चारून त्यांना बाहेर यायला सांगत होते, हात दिसतील असे धरून.

दार उघडलं. स्वेटर, लोकरीचे मोजे, डोक्याला माकडटोपी. गोळीच्या गुंगीतून उठवलेला माणूस, डोळे धड उघडत नव्हते. त्यांनी गाड्या पाहिल्या, गणवेश पाहिले, आणि आयुष्यभर सरकारी माणसासमोर जे केलं तेच केलं. एक हात वर धरला आणि दुसरा स्वेटरच्या आतल्या खिशात घातला.

"लायसन," ते म्हणाले. "आय हॅव लायसन."

पोलीस ओरडले. सगळे एकदम ओरडले. काका खिशात हात घालून तसेच, कारण रबर बँड अडकला होता आणि तो सुटत नव्हता. काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली आणि शेजारचा म्हातारा पुढे होऊन मोठ्यानं म्हणाला, "ही इज गेटिंग हिज पेपर्स. हिज पेपर्स, दॅट्स ऑल."

कोणी गोळी चालवली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की गोष्ट इथेच संपली असणार. त्यांना बर्फावर पालथं झोपवलं, हात मागे बांधले, तपासलं आणि लगेच उठवलं. त्यांच्या मुठीत एक कार्ड होतं. ते मासे पकडायचं लायसन निघालं.

पोलीस नीट वागले. ब्लँकेट दिलं, माफी मागितली. घरात जाऊन पाहिलं तर पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, गोळ्या वेगळ्या कपाटात आणि त्याही दुसऱ्याच मापाच्या. इतकं नियमात ठेवलेलं आम्ही कमी पाहतो, असं त्यातला मोठा अधिकारी म्हणाला. मग त्यानं काकूंना बाजूला घेतलं. हलक्या आवाजात विचारलं की तुमची इच्छा असेल तर ते आम्ही आमच्याकडे ठेवायला घेऊन जाऊ, तुम्ही फक्त सांगा.

काकूंनी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, ब्लँकेटमध्ये, दाढीला बर्फ लागलेलं, मोज्यांतून पाणी गळत होतं. समोरच्या घरांच्या खिडक्यांत माणसं उभी होती. ज्या गोष्टीसाठी ही बाई माझ्या सोफ्यावर येऊन झोपली होती, ती गोष्ट एक माणूस तिला तळहातावर देत होता.

"नो, नो," काकू म्हणाल्या. "माय मिस्टेक."

त्या संध्याकाळी त्यांनी उशी आणि रजई उचलली आणि वर गेल्या. पिस्तुलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तो हक्क आपण घालवला, असं त्यांना वाटत होतं. मुलीलाही तसंच वाटत होतं. ती ईस्टरला आली आणि बापाशी पाहुण्यासारखी बोलली. गोळ्यांचाही आग्रह मग कोणी धरेना. काका सगळ्यांना सांगत सुटले, "गोळी घेतली की पोलीस येतात," आणि लोक पोट धरून हसत. हे ऐकताना काकू उठून स्वयंपाकघरात जात.

बंदी आलीच नाही. तो पक्ष हरला. दुकानात पिस्तुलं पुन्हा हवी तेवढी दिसायला लागली. मी काकांना चिडवलं की फसलात, तर ते म्हणाले, असू दे, आहे ना घरात.

पुढच्या वर्षी बर्फ पडायला लागलं आणि काका बसले नाहीत. आम्हाला विश्वास वाटेना. उलट ते फळ्या आवरायला लागले. रबरी पिशव्या बेघर लोकांच्या निवाऱ्याला दिल्या. रिबिनी आणि कॅसेट फेकल्या. बल्बांची खोकी मंदिरात, मंडळात, शेजारी, जो दिसेल त्याला. हॅम रेडिओ एका शाळेला. मला म्हणाले, फळ्या मोकळ्या झाल्या, आता तुझी पुस्तकं लाव. काकूंनी मला मिठी मारली. एवढ्या वर्षांत घराचा कोपरा दिसला, म्हणाल्या. मुलीला फोनवर सांगितलं की बाबा सुधारले. मंडळात आम्ही ते कौतुकानं सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हरणाच्या गोळ्यांची खोकीही गेली. ती त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला दिली आणि बदल्यात त्याच्या गोफरच्या बंदुकीच्या गोळ्यांची एक छोटी डबी मागितली. त्या गोळ्या या पिस्तुलालाही चालतात. म्हाताऱ्याला हा सौदा फारच फायद्याचा वाटला. त्यानं काकांना वर कॉफी पाजली. हे त्यानं मला नंतर सांगितलं, ड्राइव्हवेत उभा राहून, टोपी हातात घेऊन.

डिसेंबरातली दुपार होती. काकू डेकेअरला गेल्या होत्या. मी बेसमेंटमध्ये बल्बांच्या फळीवर माझी पुस्तकं लावत होते. आवाज मी ऐकला.

मी वर गेले. काय पाहिलं ते सांगणार नाही. म्हाताऱ्यानं मला बाहेर नेऊन आपल्या घरात बसवलं, तोच काकूंना आणायला गेला.

संध्याकाळी पोलीस गेल्यावर काकू म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात फोनसमोर बसल्या. मुलीला मी सांगते म्हटलं, तर नको म्हणाल्या. बराच वेळ ओठ हलवत होत्या, काहीतरी जुळवत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मग नंबर लावला. तिकडून मुलीनं फोन उचलला, तिचा आवाज मला इथे ऐकू येत होता.

मराठीनं एकदा घात केला होता. या वेळी चूक होऊ नये म्हणून काकू मुलीशी इंग्रजीत बोलल्या.

"बाबा वेन्ट," त्या म्हणाल्या.

"वेन्ट व्हेअर, आई?"

काकूंनी फोन माझ्या हातात दिला.